काचेच्या तळाची बोट

१२ जानेवारी

वन्सं,

माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून कागद घेऊन बसले. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस ते एकदा वाचतो, एवढीच माझी आशा. वाकून नमस्कार केलाय असं समजा. तुम्ही शाळेत भाषा शिकवलीत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नका म्हणजे झालं.

आम्ही सुखरूप पोचलो. विमानात ह्यांनी काही त्रास दिला नाही. फक्त खाली समुद्र दिसायला लागला तेव्हा पट्टा सोडून उठले आणि पुढच्या माणसाला म्हणाले, "शिट्टीशिवाय उडी मारायची नाही." तो बिचारा "बरं सर" म्हणाला. सारा जन्म नगरपालिकेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात गेला, बाकी सगळं पुसलं गेलं तरी ते कसं पुसलं जाणार?

निघताना तुम्ही दारात, शेजारीपाजारी ऐकत असताना, जे बोललात ते अजून माझ्या कानात आहे. "माझ्या भावाच्या दुखण्याच्या नावाखाली हिला जग बघायचंय." तुम्ही त्यांना आईसारखं वाढवलंत, तुमचा हक्क मोठा. पण वन्सं, गेल्या वर्षात ते दोनदा घराबाहेर निघून गेले, एकदा गॅस चालू ठेवला, मला एकटीला झेपेना. मुलगा इथे बंदरावर क्रेनच्या देखभालीचा इंजिनिअर. तो नोकरी सोडून येणार होता का? म्हणून आम्ही आलो. जग बघायला नाही.

तरी इथे काय बघण्यासारखं आहे ते सांगते, म्हणजे उगाच तुमच्या मनात राहायला नको. हे सगळं शहरच एक बेट आहे. कुठल्याही रस्त्यानं सरळ चालत सुटलं की शेवटी समुद्र. जुनं दीपगृह आहे, त्यावर चढता येतं. वनस्पतींची बाग आहे, तिथल्या तळ्यात परातीएवढी पानं तरंगतात. समोरच्या छोट्या बेटावर तारेवरून पाळण्यात बसून जाता येतं. मत्स्यालयात काचेचा बोगदा आहे, डोक्यावरून मासे जातात. आणि एक बोट आहे, तिचा तळ काचेचा. आपण बाकावर बसायचं आणि पायाखाली प्रवाळाची बाग बघायची.

यातलं मी काहीही पाहिलेलं नाही बरं का. सूनबाईनं पर्यटकांसाठीचं माहितीपत्रक आणून दिलंय, त्यातलं वाचून सांगतेय. आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. गॅलरीला जाळी आहे, जाळीला कुलूप आहे, किल्ली मुलाकडे. जाळीतून बोटी दिसतात. मला पुरे आहे.

ह्यांच्यासाठी मुलानं दिवसभराची बाई ठेवलीय. एजन्सीकडून आलेली, शिकलेली, रुग्णसेवेचं प्रशिक्षण घेतलेली. पहिल्याच दिवशी ह्यांनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "तू संघाची कॅप्टन ना?" ती म्हणाली, "हो सर." तेव्हापासून आम्ही सगळे तिला कॅप्टनच म्हणतो. तिला एक मुलगी आहे, दूर गावी वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. कॅप्टन कडक आहे. ह्यांना आंघोळ घालताना मला आत येऊ देत नाही. "मावशी, तुम्ही बाहेर बसा, तुम्ही आलात की सर लाजतात," म्हणते. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला हे ऐकावं लागलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. ह्यांची तब्येत मी कळवत राहीन.

तुमची वहिनी


५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या भाच्यानं फोन करून तुम्हाला सांगितलंच असेल. ह्यांना आता बरं आहे. ओठाला टाका पडला नाही, नुसती सूज होती, ती उतरली. मनगटावर बोटांचे वळ आहेत, ते काळे-निळे दिसतात पण डॉक्टर म्हणाले की काळजीचं कारण नाही.

झालं ते असं, की खाडीकाठच्या बागेत ह्यांच्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. बागेला लागूनच एक मोठं हॉटेल आहे. कुंपणाच्या फटीतून हे आत शिरले. तिथे पोहण्याचा तलाव. पुढचं मी लिहीत नाही. हॉटेलच्या लोकांचा गैरसमज झाला. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

कॅप्टन तेव्हा तिथे नव्हती. मुलगा फार संतापला. त्यानं एजन्सीला कळवलं आणि तिला कामावरून काढलं. आता दुसरी बाई येते. ती चांगली आहे. ह्यांच्याशी बोलत नाही, पण चांगली आहे.

मला जास्त विचारू नका. मला नक्की काही ठाऊकही नाही. इथे उकाडा फार आहे, दुपारी डोकं चालत नाही. परवा म्हणे बंदरात एक पांढरं प्रवासी जहाज आलं होतं, सात मजल्यांचं. लोक फोटो काढायला गेले होते. ते आम्हाला गॅलरीतून दिसलं नाही, मधे इमारत येते.

का सांगितलं मी तुम्हाला हे, देव जाणे.

वहिनी


२१ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं. पाकिटावर तुमचं अक्षर बघून मी दारातच उभी राहिले. किती दिवसांनी! सूनबाईनं मला खुर्चीवर बसवलं, तिला वाटलं काही वाईट बातमी आहे.

तुम्ही लिहिलंत, "दारात मी बोलायला नको होतं. परक्या बाईच्या हलगर्जीपणानं हे झालं, यात तुझा काय दोष? तू आहेस म्हणून माझा भाऊ आहे." ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. असं काहीतरी तुमच्या तोंडून ऐकायला मी लग्न झाल्यापासून वाट बघत होते. आणि आलं तेव्हा मला ते हातात धरवेना.

वन्सं, ते पत्र मला लिहिलेलं नाही. ते ज्या बाईला लिहिलंय ती मी नाही. तुमच्या वहिनीनं शेण खाल्लंय.

सगळं सांगते. मधे थांबले तर पुन्हा माझ्याच्यानं लिहवणार नाही, म्हणून एका बैठकीत.

त्या दुपारी कॅप्टनच्या मुलीचा फोन आला. कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलात प्रशिक्षणासाठी तिची निवड व्हायची होती, कागदपत्रं पाठवायची होती, आणि ती रडकुंडीला आली होती. कॅप्टन सरांना सोडून जायला तयार नव्हती. मीच म्हटलं, "जा हो तुम्ही. मी आहे ना. आम्ही दोघं बागेत बसतो." ती म्हणाली, "मावशी, साहेबांना विचारलं पाहिजे. सरांना एकट्यानं बाहेर न्यायचं नाही असं त्यांनी बजावलंय." मी म्हटलं, "साहेब माझ्या पोटचा आहे. मी सांगेन त्याला." तरी ती बागेपर्यंत आमच्याबरोबर आली, आम्हाला सावलीत बसवलं आणि जाताना मागे वळून वळून बघत गेली.

तोवर माझ्या मनात काही नव्हतं. शपथेवर सांगते. मला फक्त वाटलं होतं की नवरा-बायको दोघंच, कुणाची पहारेदारी नाही, असं जरा बसावं.

बागेच्या टोकाला धक्का आहे. तिथे ती बोट लागली होती. काचेच्या तळाची. बोटवाला ओरडत होता, "एकच सीट! शेवटची फेरी! एकच सीट!"

वन्सं, एकच सीट. दोन असत्या तर मी ह्यांना घेऊन बसले असते. निदान मी स्वतःला तसं सांगते.

मी ह्यांना नारळपाणीवाल्याच्या बाकावर बसवलं. त्याला म्हटलं, जरा लक्ष ठेवा. तो गिऱ्हाइकांच्या गराड्यात होता, त्यानं मान हलवली. ऐकलं की नाही कोण जाणे. ह्यांना म्हटलं, "मी आलेच हं." हे माझ्याकडे बघून म्हणाले, "टोपी घालून जा. केस भिजतील." मी हसले आणि पळतच गेले. या वयात, साडी सावरत, पळत.

आता जे लिहायचंय ते सगळ्यात कठीण आहे. तुम्हाला वाटेल, ती बोटीत बसून चडफडत असेल, जीव टांगणीला लागला असेल. नाही. बोट सुटली, किनारा लांब गेला, आणि पायाखालचं पाणी हळूहळू उजळत गेलं. मग खाली जांभळी झाडं दिसली, दगडाची आणि तरी डोलणारी वाटणारी. पंख्यासारखं काहीतरी लाल. पिवळ्या माशांचा थवा एकदम वळला, सगळा एकसाथ, जणू कुणी हाक मारली. एक लठ्ठ मासा येऊन माझ्या पायाखाली काचेला तोंड लावून राहिला आणि मी मोठ्यानं हसले. शेजारची कुणी परकी बाई होती, तिनं माझा हात धरला, आम्ही दोघी हसत सुटलो. त्या सबंध वेळात मला ह्यांची एकदाही आठवण आली नाही. एकदाही नाही. मला नवरा आहे, तो आजारी आहे, मी कुणाची आई आहे, काही नाही. मी फक्त बघत होते. मी सुखात होते, वन्सं. तुम्ही दारात जे बोललात ते त्या बोटीत खरं झालं.

परत आले तर बाक रिकामा.

नारळपाणीवाला म्हणाला, "आत्ता तर होते." मी बागभर धावले. माणसांना थांबवून विचारत होते, पण मला ह्यांनी कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय तेच आठवेना. मग हॉटेलच्या बाजूनं गलका ऐकू आला.

ह्यांनी तिथे तलावाच्या काठी कपडे काढून, घडी घालून खुर्चीवर ठेवले होते. चड्डीवर पाण्यात उतरले होते. उथळ भागात एक लहान मुलगी हातपाय मारत होती. ह्यांनी तिच्या पोटाखाली हात धरला आणि शिकवायला लागले. "पाय सरळ. गुडघ्यात वाकवायचे नाहीत." ज्या हातानं शेकडो पोरं तारली तोच हात. पण त्या मुलीच्या आईला काय दिसलं असेल? एक उघडा म्हातारा आणि तिची पोर. तिनं किंचाळून सगळं हॉटेल गोळा केलं. सुरक्षारक्षकांनी ह्यांना मनगटाला धरून ओढत बाहेर काढलं. एकानं तोंडावर मारलं. लोक मोबाइलवर चित्रण करत होते.

मी गेले तेव्हा हे रखवालदारांच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर होते, अंगावर हॉटेलचा टॉवेल. ओठातून रक्त येत होतं. मला बघून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मी काही नाही केलं गं. ताई, तू सांग ना ह्यांना."

ताई. तुम्हाला हाक मारत होते ते. मी समोर होते, पण हाक तुम्हाला होती.

मुलगा धावत आला. घामाघूम, डोक्यावर अजून बंदरावरचं पिवळं हेल्मेट. आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग चहूकडे, आणि विचारलं, "कॅप्टन कुठे आहे?"

मी म्हटलं, "ती निघून गेली."

हे वाक्य खरं होतं, वन्सं. मी ते खोट्यासारखं वापरलं. तो म्हणाला, "बाबांना सोडून?" मी खाली बघितलं. त्यानं तिथेच तिला फोन लावला आणि नाही नाही ते बोलला. फोन मोठ्या आवाजावर होता. ती म्हणाली, "साहेब, मावशींनी मला जायला सांगितलं होतं. मावशींना विचारा." त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "आई?"

आणि मी म्हटलं, "मी कशाला सांगेन?"

पलीकडून ती म्हणाली, "बरं, मावशी." एवढंच. फोन बंद.

तलावातल्या त्या लहान मुलीचे वडील नंतर आले. म्हणाले, आमची लेक सांगतेय की आजोबांनी मला तरंगायला शिकवलं. तक्रार करायची नाही आम्हाला. त्यांनी ह्यांचे कपडे आणून दिले, घडी न मोडता. त्या परक्या माणसानं मोठेपण दाखवलं, आणि मी तिथेच उभी होते, तोंड शिवल्यासारखी.

का केलं म्हणून विचाराल. मुलाची भीती होती का? नाही, तो मला काय करणार होता? मला लाज वाटली. नवऱ्याला बाकावर टाकून ही बाई मासे बघायला गेली, हे त्या खोलीत सगळ्यांदेखत सांगायची लाज. ती लाज झाकायला त्या बाईचा बळी दिला. आता दोन लाजा झाल्या.

घरात अजून कुणाला ठाऊक नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं. तुमचे चांगले शब्द परत करतेय. ठेवून घेतले असते तर ती तिसरी लाज झाली असती.

वहिनी


२६ फेब्रुवारी

वन्सं,

ते पत्र टाकून घरी आले आणि मुलाला सांगितलं. उशीर केला असता तर पुन्हा कच खाल्ली असती.

तो शर्टाला इस्त्री करत होता. मी पुढ्यात उभी राहून सगळं बोलून टाकलं, तुम्हाला लिहिलं तसंच, फक्त माशांचं वगळून. तो एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिला. शेवटी सूनबाईनं येऊन बटण बंद केलं.

मग म्हणाला, "आई, मी त्या बाईला काय काय बोललो ते तू ऐकत होतीस ना? शेजारीच उभी होतीस."

"हो."

"मग मला थांबवायचं तरी. खोकायचं. चक्कर आल्याचं सोंग करायचं. काहीही."

मी इस्त्रीची वायर गुंडाळायला लागले. तो म्हणाला, "मी एजन्सीला लेखी दिलंय, आई. माझ्या सहीनं. तिला त्यांच्या निवासातून बाहेर काढलं असेल एव्हाना. तू मला खोटं पाडलंस." आणि तो तसाच, चुरगळलेला शर्ट घालून, बाहेर पडला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सूनबाई माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, तूही बोल काय बोलायचं ते. ती म्हणाली, "आई, तुम्हाला बाहेर जावंसं वाटतं हे तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत."

"बोलण्यासारखं होतं का ते? नवऱ्याची ही अवस्था, आणि मला पाळण्यात बसायचंय, असं सांगू?"

"हो," ती म्हणाली. "तसंच सांगायचं."

मला तिचा राग आला. म्हटलं, हिला काय कळतंय. मग रडू आलं, आणि हे आतून आले, माझ्याकडे बघून सुनेला विचारलं, "हिला पाण्याची भीती वाटते का?" ती म्हणाली, "हो बाबा." हे म्हणाले, "वाटायचीच. पहिले काही दिवस." आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

मुलगा संध्याकाळी परत आला. एजन्सीत स्वतः जाऊन चूक आमची होती असं लिहून देऊन आला होता. त्यांनी कॅप्टनचं नाव पुन्हा यादीवर घेतलं. पण आमच्याकडे यायला ती तयार नाही. तिनं समोरच्या बेटावर कुणा आजींकडे काम धरलंय, तात्पुरती एका नातेवाइकाकडे राहते, मासे साठवायच्या गोदामाच्या वरच्या खोलीत. मुलानं तिची फोनवर माफी मागितली. ती म्हणाली, "साहेब, तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही बोललात." माझं नाव तिनं काढलं नाही.

मुलगा माझ्याशी बोलतो. मीठ दे, औषध दिलं का, असं. डोळ्याला डोळा देत नाही.

हे आता आंघोळीला जायला घाबरतात. गणवेशातला माणूस दिसला की भिंतीला चिकटतात; काल लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला बघून चिकटले. डॉक्टर म्हणाले, घटना विसरले असतील, भीती मात्र राहते. असंही असतं म्हणे.

तुमच्या उत्तराची वाट बघत नाही. म्हणजे बघते, पण हक्कानं नाही.

वहिनी


१७ मार्च

वन्सं,

तुमचं उत्तर मिळालं. तीनच शब्द. "वाचलं. भाऊ कसाय?" मी ते उलटून पालटून बघितलं, मागे काही लिहिलंय का. नाही. पण वाचलंत आणि विचारलंत. माझी लायकी होती त्यापेक्षा जास्तच मिळालं.

भाऊ बरा आहे. सूनबाईनं एक युक्ती काढली. बादलीत पाणी घेऊन ती स्वतः पाय बुडवून बसते आणि त्यांना विचारते, "सर, पाणी गार आहे, उतरू का?" मग हे तिला धीर द्यायला म्हणून येतात. आंघोळ होते. शनिवारी दुपारी मुलगा त्यांच्याजवळ बसतो आणि मला म्हणतो, "जा कुठेतरी." पहिल्या शनिवारी मी खाली जिन्याजवळच बसून राहिले. दुसऱ्या शनिवारी दीपगृहापर्यंत गेले, वर चढले नाही. परवाच्या शनिवारी मी कॅप्टनला भेटायला गेले.

ती कामावरून फेरीबोटीनं परत येते आणि धक्क्यावरच दुसरी फेरी पकडते. मधला वेळ प्रतीक्षागृहात बसते, असं एजन्सीतल्या बाईनं सांगितलं होतं. लोखंडी बाकडी, मोठाले पंखे, माणसांची ये-जा. ती कोपऱ्यात डबा उघडून बसली होती. मी समोर जाऊन "कॅप्टन" म्हटलं आणि जीभ चावली. आता कुठल्या तोंडानं मी तिला त्या नावानं हाक मारणार होते?

तिनं डबा मिटला. "सर कसे आहेत?"

"बरे आहेत. मी माफी मागायला आले."

"केली माफ," ती म्हणाली. इतक्या पटकन, की मला कळलं, हे दार लावून घेणं आहे. मी उभीच राहिले. तिनं बसा म्हटलं नाही.

मग तीच म्हणाली, "मावशी, मला दुसरं काम मिळालं. राहायला जागाही मिळेल. ते जाऊ दे. पण मला काढल्याचं एजन्सीच्या सगळ्या बायकांना कळलं, आणि त्यातल्या एकीची भाची माझ्या मुलीबरोबर शिकते. मुलीनं मला फोन केला. म्हणाली, आई, माझ्या कागदपत्रांसाठी तू एका आजारी माणसाला वाऱ्यावर सोडून गेलीस? मी सांगितलं, नाही गं, असं झालं नाही. तिला पटलं नाही. आता एजन्सीनं लिहून दिलं ना चूक माझी नव्हती म्हणून? ते पाठवलं तिला. तर म्हणते, तू कुणाचे तरी पाय धरून लिहून घेतलं असशील. माझ्यामुळे तुझ्यावर ही वेळ आली, मला शिकायचंच नाही. तिनं ती निवड नाकारली, मावशी. माझा फोन उचलत नाही."

हे सगळं तिनं आवाज न चढवता सांगितलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी समजत होते की मी खरं बोलले, मुलानं लिहून दिलं, आता जे उरलंय ते माझ्या मनाचं. आणि तिकडे ही पोर.

"लावा तिला फोन," मी म्हटलं.

"सांगितलं ना, उचलत नाही."

"माझ्या फोनवरून लावा."

तिनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. मग माझा फोन घेतला, नंबर दाबला आणि माझ्या हातात दिला.

"हॅलो? कोण?" लहान आवाज. थकलेला.

वन्सं, तिथे बाकावर माणसं होती, पंख्याचा आवाज इतका होता की मला ओरडूनच बोलावं लागलं. म्हटलं, "बाळ, तुझी आई ज्या सरांकडे कामाला होती त्यांची मी बायको. तुझी आई तुझ्याशी खरं बोलली. खोटं मी बोलले. तिला जा म्हणून मी सांगितलं. ती नको म्हणत होती, मी पाठवलं. आणि मग नवऱ्याला बाकावर बसवून मी बोटीत फिरायला गेले. मुलानं विचारलं तेव्हा मी हात झटकले आणि तुझ्या आईचं नाव पुढे केलं."

आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघायला लागली. एका बाईनं तर पिशवी घेऊन जागा बदलली.

पलीकडून आवाज आला, "का?"

"मला लाज वाटली म्हणून."

"आणि माझ्या आईला लाज नसते का?"

मी म्हटलं, "असते. तुझ्या आईनं लाज वाटावी असं काही केलेलं नाही, बाळ. तुझ्यामुळेही काही झालेलं नाही. तुझा फोन आला नसता तरी मी ते केलंच असतं. मला ती बोट बघायची होती."

मग ती म्हणाली, "मला शिव्या द्याव्याशा वाटतायत तुम्हाला."

"दे."

"नको." आणि मग, "आई आहे तिथे?"

मी फोन कॅप्टनच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, भिंतीकडे तोंड केलं आणि एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

तिची फेरी लागली. भोंगा झाला, फेरी सुटली. ती बोलतच होती. तिची पाठ हलत होती, रडत होती की हसत होती मला दिसत नव्हतं. फोन माझाच होता, म्हणून मला थांबावं लागलं. मी लांबच्या बाकड्यावर जाऊन बसले, तिचं बोलणं कानावर पडू नये इतक्या लांब.

शेवटी तिनं येऊन फोन ओढणीला पुसला आणि मला दिला. "ती हॉस्पिटलात पुन्हा विचारून बघते म्हणाली," एवढं सांगून, माझ्याकडे न बघता, पुढच्या फेरीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

वन्सं, तुम्हाला यावंसं वाटलं तर या. मुलगा तिकीट काढून देईन म्हणतो. हे सकाळच्या वेळी अजून "ताई" म्हणून हाक मारतात, आणि मी ओ देत नाही.

तुमची वहिनी